०-८ ते बिश्केक: सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल संघाचं गणित

११ ऑक्टोबर २०२२ ला भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियममध्ये भारताचा १७ वर्षांखालील मुलींचा संघ विश्वचषकात अमेरिकेकडून ०-८ ने हरला. १७ ऑक्टोबर २०२५ ला किर्गिझस्तानच्या बिश्केकमध्ये याच नावाच्या संघाने उझबेकिस्तानला २-१ ने हरवलं आणि याच वयोगटाच्या आशियाई चषक स्पर्धेत जागा मिळवली. मधल्या तीन वर्षांत संघ सुधारला, असं आपण सहज म्हणून जातो. पण या दोन संघांत एकही मुलगी सामाईक नव्हती, आणि नियमानुसार असूही शकत नव्हती. वयोगटातला संघ म्हणजे दर वेळी नव्या मुलींचा संघ. त्यामुळे त्याचा स्कोअर वरिष्ठ संघासारखा वाचून चालत नाही. जन्मवर्षाची चौकट, पात्रतेची वाट, गटातली आकडेमोड आणि या वयातलं शरीर, एवढं समोर असलं तर निकालामागे काय घडलं ते कळतं.

वय नेमकं कसं मोजतात

'१७ वर्षांखालील' म्हटल्यावर बहुतेकांना वाटतं की मुलीला सतरावं पूर्ण झालेलं नसावं. तसं नाही. ज्या वर्षी स्पर्धा, त्या कॅलेंडर वर्षात ती १८ वर्षांची होता कामा नये, एवढाच अर्थ. २०२२ च्या विश्वचषकासाठी १ जानेवारी २००५ ते ३१ डिसेंबर २००७ या काळात जन्मलेल्या मुली पात्र होत्या. म्हणजे जानेवारी २००५ मध्ये जन्मलेली मुलगी ऑक्टोबरमध्ये मैदानात उतरली तेव्हा १७ वर्षं ९ महिन्यांची होती, आणि डिसेंबर २००७ ची मुलगी पंधराव्या वाढदिवसाच्याही अलीकडे होती. एकाच स्पर्धेत जवळजवळ तीन वर्षांचं अंतर! या वयात तीन वर्षं म्हणजे उंची, पायांतली ताकद, वेग आणि डोकं शांत ठेवण्याची सवय या सगळ्यांतला फरक.

या चौकटीत एक अन्याय बरीच वर्षं दडलेला होता. २०२४ पर्यंत हा विश्वचषक दोन वर्षांतून एकदा, सम वर्षी व्हायचा. २००५ ची मुलगी २०२२ मध्ये सतराव्या वर्षी खेळली. २००७ च्या मुलीला दोन संधी होत्या, २०२२ मध्ये पंधराव्या वर्षी आणि २०२४ मध्ये सतराव्या वर्षी. २००६ मध्ये जन्मलेल्या मुलीचं काय? तिला २०२२ ची एकच संधी, तीही सोळाव्या वर्षी, आपल्याहून वर्षाने मोठ्या मुलींसमोर. २०२४ उजाडेपर्यंत ती चौकटीबाहेर. सम वर्षी जन्मलेल्या प्रत्येक मुलीच्या वाट्याला हेच यायचं आणि त्यात तिची चूक काहीच नव्हती. २०२५ पासून स्पर्धा दरवर्षी होते, २०२९ पर्यंतचं यजमानपद मोरोक्कोकडे आहे, आणि संघ १६ वरून २४ झाले आहेत. या बदलात चर्चा २४ या आकड्याची झाली. खेळाडूच्या बाजूने पाहिलं तर दरवर्षी स्पर्धा होणं हाच त्यातला मोठा भाग आहे.

जन्ममहिन्याचाही परिणाम होतो. निवड चाचणीत जानेवारी-फेब्रुवारीत जन्मलेली मुलगी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधल्या मुलीपेक्षा दहा महिन्यांनी मोठी असते. जी उंच दिसते, धावायला पुढे असते, ती निवडली जाते. मग तिला चांगले सराव मिळतात, आणि दोन वर्षांनी ती खरोखरच पुढे गेलेली असते. सावध प्रशिक्षक म्हणूनच निवडीच्या यादीत नावाशेजारी जन्मतारीख लिहून ठेवतात आणि 'लहानखुरी पण चेंडू कळणारी' मुलगी राखीव यादीत तरी धरून ठेवतात.

वयाचा पुरावा म्हणून फिफाच्या स्पर्धेत पासपोर्टच चालतो. शाळेचा दाखला, आधार कार्ड किंवा जन्मदाखला दाखवून मैदानात उतरता येत नाही. इथे एक व्यावहारिक अडचण येते. भारतात १८ वर्षांखालच्या मुलीचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा ती १८ ची होईपर्यंत, यांतलं जे आधी येईल तितकाच चालतो. बरेच देश प्रवासाच्या तारखेपासून पुढे सहा महिने वैध असलेला पासपोर्ट मागतात. आता हिशेब करा: साडेसतरा वर्षं उलटलेल्या, म्हणजे संघातल्या सगळ्यात अनुभवी मुलीच्याच पासपोर्टला सहा महिने उरलेले नसतात. उपाय आहे. १५ ते १८ वयात दहा वर्षांचा पासपोर्ट मागता येतो. पण तो अर्ज करतानाच ठरवावा लागतो, आणि अल्पवयीन म्हणून आईवडिलांच्या संमतीचं घोषणापत्र जोडावं लागतं. खेड्यातल्या मुलीचं नाव शिबिराच्या यादीत आल्यावर संघ व्यवस्थापकाने पहिली चौकशी बुटांच्या मापाची नव्हे, या कागदांची करावी.

मागच्या दाराने आणि पुढच्या दाराने

२०२२ मध्ये भारत विश्वचषकात खेळला तो यजमान म्हणून. यजमानाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही. खरं तर ही स्पर्धा २०२० मध्येच भारतात व्हायची होती. कोविडमुळे ती आधी पुढे ढकलली, मग रद्द झाली आणि भारताला २०२२ चं यजमानपद मिळालं. त्यातही १५ ऑगस्टला फिफाने भारतीय फुटबॉल महासंघाला निलंबित केलं. कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप, हे कारण. २६ ऑगस्टला निलंबन उठलं तेव्हा पहिल्या सामन्याला दीड महिना उरला होता. भुवनेश्वर, मडगावचं फातोर्डा आणि नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अशा तीन ठिकाणी सामने झाले. ३० ऑक्टोबरला नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवून चषक नेला. महिलांच्या कोणत्याही फिफा स्पर्धेत भारत खेळण्याची ती पहिलीच वेळ होती.

पात्रतेची वाट मात्र निराळी आणि अवघड आहे. आधी आशियाई पात्रता फेरी, मग आशियाई स्पर्धा, मग विश्वचषक. २०२४ च्या आशियाई स्पर्धेत फक्त आठ संघ होते आणि तिथवर जायला पात्रतेच्या दोन फेऱ्या पार कराव्या लागायच्या. भारताने एप्रिल २०२३ मध्ये बिश्केकलाच किर्गिझस्तान आणि म्यानमारला हरवून पहिली फेरी जिंकली होती, पण दुसऱ्या फेरीत संघ गारद झाला. २०२६ च्या स्पर्धेत जागा १२ झाल्या. यजमान चीन, उत्तर कोरिया, जपान आणि दक्षिण कोरिया थेट आत. उरलेल्या आठ जागा आठ पात्रता गटांच्या विजेत्यांना. एकच फेरी, गटात पहिलं यायचं आणि आत जायचं. भारताच्या गटात तीनच संघ होते: भारत, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान. किर्गिझस्तानला २-१, उझबेकिस्तानला २-१, काम फत्ते. याआधी भारत या स्पर्धेत खेळला होता तो २००५ मध्ये, म्हणजे वीस वर्षांपूर्वी.

जागा वाढल्या म्हणून वाट सोपी झाली हे खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पुढचा घाट तसाच उभा आहे. १२ संघांचे चार-चारचे तीन गट. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकांतले सर्वोत्तम दोन, असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत. उपांत्य फेरी गाठणाऱ्या चौघांना विश्वचषकाचं तिकीट. म्हणजे सगळी मोहीम शेवटी उपांत्यपूर्व फेरीच्या एका सामन्यावर येऊन ठेपते. आणि समोर कोण असतं? २००८ पासून २०२५ पर्यंत हा विश्वचषक नऊ वेळा झाला. त्यातले सहा चषक आशियाई संघांनी जिंकले: उत्तर कोरियाने चार, जपान आणि दक्षिण कोरियाने एकेक. युरोपात स्पेनचे दोन, फ्रान्सचा एक. पुरुषांच्या फुटबॉलमध्ये 'आशिया म्हणजे जरा हलका गट' असं समजायची सवय असते. मुलींच्या या वयोगटात आशियातून बाहेर पडणं हेच जगातल्या सगळ्यात कठीण कामांपैकी एक आहे.

गोलफरक: आठव्या गोलाची किंमत

गटसाखळीत विजयाला ३ गुण, बरोबरीला १. गुण सारखे झाले तर काय, हे प्रत्येक स्पर्धेच्या नियमावलीत वेगळं असतं, आणि प्रेक्षकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

२०२२ च्या विश्वचषकात गुण सारखे झाल्यावर आधी गटातल्या सगळ्या सामन्यांचा गोलफरक पाहायचा, मग केलेले गोल, आणि त्यानंतर आपापसातला सामना, असा क्रम होता. भारताचाच गट घेऊ. अमेरिकेने भारताला ८-० हरवलं, ब्राझीलशी १-१ बरोबरी केली, मोरोक्कोला ४-० हरवलं. ब्राझीलने मोरोक्कोला १-०, अमेरिकेशी १-१, भारताला ५-०. दोघांचे गुण ७. अमेरिकेचे गोल १३, खाल्लेला १, फरक +१२. ब्राझीलचे ७, खाल्लेला १, फरक +६. अमेरिका पहिली.

आता मागे जाऊन पाहा. दोन सामने संपले तेव्हा दोघांचे गुण ४-४ होते, पण अमेरिकेचा फरक +८ होता आणि ब्राझीलचा +१. सात गोलांची ही दरी जवळजवळ सगळी पहिल्याच दिवशी भुवनेश्वरला खणली गेली होती. म्हणून पाच गोल झाल्यावर अमेरिकेने 'आता बास' का म्हटलं नाही, हा प्रश्नच गैरलागू आहे. गोलफरक आधी मोजणाऱ्या स्पर्धेत सहावा, सातवा, आठवा गोल दया-माया न ठेवता करायचा असतो. न करणारा प्रशिक्षक नंतर पस्तावतो. शेवटच्या फेरीत कुणाला आकडा आधी कळून फायदा मिळू नये म्हणून गटातले दोन्ही सामने एकाच वेळी खेळवतात. भारत-ब्राझील भुवनेश्वरला चालू असताना अमेरिका-मोरोक्को मडगावला होता तो त्यासाठीच. एवढं करून पहिल्या क्रमांकाचा अमेरिकेला उपयोग झाला नाही, ही गंमत वेगळी. उपांत्यपूर्व फेरीत नायजेरियाने त्यांना पेनल्टीवर घरी पाठवलं, आणि दुसऱ्या आलेल्या ब्राझीलला जर्मनीने २-० ने. दोन्ही सामने नवी मुंबईत झाले.

आशियाई स्पर्धांत क्रम उलटा असतो. आधी सारख्या गुणांच्या संघांतला आपापसातला सामना, आणि तिथेही बरोबरी असेल तरच पूर्ण गटाचा गोलफरक. तीन संघांच्या गटात याचा अर्थ काय होतो? समजा क आणि ख या दोघांनी ग ला हरवलं आहे. क ने २-१ ने, ख ने २-० ने. शेवटचा सामना क विरुद्ध ख. तो बरोबरीत सुटला तर दोघांचे गुण ४, आपापसातला निकाल समान, मग गटाचा फरक: क +१, ख +२. ख पुढे जातो. म्हणजे क ला जिंकावंच लागतं, ख ला बरोबरी पुरते. पहिल्या सामन्याच्या शेवटी खाल्लेला एक निरुपद्रवी वाटणारा गोल चार दिवसांनी असा वसूल होतो. आणि सगळेच आकडे सारखे असले, शिवाय शेवटच्या सामन्यात तेच दोन संघ समोरासमोर असले, तर गटसाखळीचा सामना असूनही तिथल्या तिथे पेनल्टी शूटआऊट घेतलं जातं. तसं नसेल तर कार्डांचे गुण मोजतात: पिवळ्याला १, दोन पिवळ्यांमुळे मिळालेल्या लाल कार्डाला ३, थेट लाल कार्डालाही ३. ज्याचे कमी तो वर. अगदी शेवटी चिठ्ठ्या. उगाच पंचांशी हुज्जत घालून घेतलेलं पिवळं कार्ड एखाद्या वेळी स्पर्धेतून बाहेर काढू शकतं, हे मुलींना शिबिरातच सांगितलेलं बरं.

नव्वद मिनिटांनंतर

या वयोगटाच्या विश्वचषकात सामना पूर्ण ९० मिनिटांचा असतो. चेंडू ५ नंबरचा, म्हणजे ४१० ते ४५० ग्रॅमचा, आणि गोलपोस्ट पुरुषांइतकाच, ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. पण बाद फेरीत बरोबरी झाली तर जादा वेळ नाही, थेट पेनल्टी. वाढत्या वयाच्या मुलींवर आणखी ३० मिनिटांचा भार नको, हे त्यामागचं कारण सरळ आहे. २०२२ चा कोलंबिया-नायजेरिया उपांत्य सामना आणि तिसऱ्या क्रमांकाचा जर्मनी-नायजेरिया सामना, दोन्ही असेच सुटले.

शूटआऊटचा नियम वाटतो सोपा. आधी पाच-पाच फटके, मग एकेक करत, एकाचा चुकून दुसऱ्याचा बसेपर्यंत. मैदानावरच्या सगळ्या अकरा जणींचे फटके झाल्याशिवाय कुणी दुसऱ्यांदा मारू शकत नाही, गोलकीपरसुद्धा या अकरांतच. अकराही संपले आणि तरीही बरोबरी राहिली तर? पुन्हा पहिल्यापासून, हवं तर क्रम बदलून. टॉस हा पर्याय नाही.

८ फेब्रुवारी २०२४ ला ढाक्यात नेमका हाच नियम विसरला गेला. १९ वर्षांखालील मुलींच्या सॅफ, म्हणजे दक्षिण आशियाई, स्पर्धेचा अंतिम सामना, भारत विरुद्ध बांगलादेश, १-१. शूटआऊटमध्ये दोन्हीकडच्या अकराच्या अकरा जणींनी गोल केले: ११-११. त्यावर सामनाधिकाऱ्यांनी नाणेफेक करायचा निर्णय दिला. कौल भारताच्या बाजूने पडला आणि आपल्या मुलींनी जल्लोष सुरू केला. बांगलादेशने हरकत घेतली, आणि ती बरोबरच होती, कारण नियमात नाणेफेक नव्हतीच. निर्णय फिरवून शूटआऊट पुढे चालू करायचं ठरलं तोवर भारतीय संघ मैदान सोडून गेला होता. बराच वेळ घोळ चालला आणि शेवटी दोघांना संयुक्त विजेते ठरवलं. संघासोबत नियमावली पाठ असलेला एक माणूस लागतो, तो अशा वेळेसाठी.

व्हिडिओची मदतही आता या वयोगटात आली आहे. २०२२ मध्ये मुलींच्या या विश्वचषकात पहिल्यांदा व्हीएआर, म्हणजे वेगळ्या खोलीतून व्हिडिओवर निर्णय तपासणारे पंच, होते. २०२४ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात एक स्वस्त पर्याय वापरला गेला. त्यात वेगळी खोली भरून पंच बसत नाहीत. क्रिकेटच्या रिव्ह्यूसारखे प्रत्येक प्रशिक्षकाला सामन्यात दोन अर्ज मिळतात, बोट हवेत फिरवून चौथ्या पंचाकडे कार्ड द्यायचं, आणि दाद बरोबर निघाली तर अर्ज शिल्लक राहतो. प्रशिक्षक इथे नेहमी एकच चूक करतात: मधल्या मैदानातल्या रागाच्या क्षणी अर्ज उडवून टाकतात आणि ८५ व्या मिनिटाच्या पेनल्टीला हात रिकामे असतात.

मग आठ गोल बसतात कसे

अमेरिकेविरुद्ध भारताने मध्यंतरालाच पाच गोल खाल्ले होते आणि साधारण तासाभरात आठही. आठवा गोल भारतीय वंशाच्या मिया भुताचा. तीनच दिवसांनी मोरोक्कोविरुद्ध पहिला अर्धा भाग ०-० होता. मध्यंतरानंतर लगेच पेनल्टी गेली, मग दुसरा गोल, आणि तिसरा थेट भरपाईच्या वेळेत. तोच संघ, तीन दिवसांत इतका वेगळा. हे कसं होतं ते समजून घेण्यासारखं आहे.

ताकदवान संघ या वयात पुढच्या फळीपासूनच अंगावर येतो. आपल्या गोलकीपरकडे चेंडू असतो, दोन बचावपटू तिच्या दोन्ही बाजूंना मोकळ्या दिसतात. ती डावीकडे पास देते. त्याच क्षणी प्रतिस्पर्धी फॉरवर्ड धावत सुटते, पण सरळ नव्हे, वळण घेऊन, म्हणजे गोलकीपरकडे परत द्यायची वाट बंद होते. विंगर टचलाइनची बाजू झाकते. चेंडू असलेल्या मुलीला निर्णयाला सेकंदभर मिळतो. तिला सवय असते ती राज्य पातळीवरच्या सामन्याची, जिथे तीन सेकंद मिळतात. पहिला स्पर्श अर्धा मीटर लांब गेला की चेंडू गेला, आणि आपला गोल तिथून वीस मीटरवर. आठपैकी आठही गोल असे झाले असं म्हणायचं नाही, पण मोठ्या फरकाच्या पराभवांत हा प्रकार हटकून सापडतो.

यावरचा एक उपाय खाली बसून खेळण्याचा: पाच बचावात, चार त्यांच्यासमोर, मधल्या जागा बंद, चेंडू हातात आला की लांब. गोल कमी बसतात. पण तोटा असा की चेंडू लगेच परत येतो, मुली सतत प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावत राहतात, आणि साठाव्या मिनिटानंतर पाय जड होतात. दुसरा उपाय कष्टाचा: त्याच वेगाच्या संघांशी आधी वारंवार खेळणं. २०२२ च्या संघाला त्यासाठीच परदेश दौऱ्यांवर नेलं होतं, तेव्हाचे प्रशिक्षक स्वीडनचे थॉमस डेनेर्बी. पण काही महिन्यांच्या दौऱ्यांनी कित्येक वर्षांची तूट भरत नाही. आपल्याकडे मुलींच्या राज्यसंघाला राष्ट्रीय स्पर्धेत चार संघांच्या गटात तीन सामने मिळतात. हरलं की घरी, पुढचा मोठा सामना पुढच्या वर्षी. सेकंदभरात पास देण्याची सवय सामन्यातच लागते, शिबिरात शंकू मांडून नाही.

बदली खेळाडूंचाही हिशेब आहे. पाच बदल करता येतात, पण खेळ थांबवून फक्त तीन वेळा. मध्यंतरातला बदल यात धरत नाहीत. म्हणून चांगले प्रशिक्षक मध्यंतर वापरतात आणि नंतर जोड्यांनी बदल करतात. बिश्केकमध्ये भारताचे प्रशिक्षक योआकिम अलेक्झांडरसन यांनी तेवढीही वाट पाहिली नाही. उझबेकिस्तान एका गोलाने पुढे असताना त्यांनी मध्यंतराआधीच थंडामणी बास्केला उतरवलं. दुसऱ्या अर्धात तिने बरोबरी साधली आणि मग अनुष्का कुमारीने विजयी गोल केला. चाळिशीच्या आसपासच्या मिनिटाला बदल करणं म्हणजे तीनपैकी एक थांबा लवकर खर्च करणं. बहुतेक प्रशिक्षक ती पाच मिनिटं काढून नेतात.

रक्त, गुडघे आणि ऊन

दमछाकीमागे कधी कधी डावपेच नसतात, हिमोग्लोबिन असतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, भारतातल्या १५ ते १९ वयोगटातल्या ५९.१ टक्के मुलींना रक्तक्षय असल्याचं दिसलं. या वयातल्या मुलींमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. स्नायूंना प्राणवायू कमी पोचतो आणि परिणाम शेवटच्या अर्ध्या तासात दिसतो. निवड झालेल्या मुलीची रक्ततपासणी पहिल्याच आठवड्यात हवी, आणि हिमोग्लोबिनसोबत लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन तपासणीही हवी, कारण हिमोग्लोबिन ठीक असूनही साठा तळाला गेलेला असू शकतो. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू केल्या तरी साठा भरायला दोन-तीन महिने लागतात. स्पर्धेच्या तीन आठवडे आधी हे कळून उपयोग शून्य. जेवणाबरोबरचा चहा तासभर पुढे ढकलणं आणि पालेभाजीवर लिंबू पिळणं, एवढ्यानेही लोह जास्त शोषलं जातं.

दुसरा धोका गुडघ्याचा. किशोरवयीन मुलींमध्ये गुडघ्यातला पुढचा क्रूशिएट अस्थिबंध, म्हणजेच एसीएल, तुटण्याचं प्रमाण त्याच वयाच्या मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. बहुतेकदा कुणी आडवं येतही नाही. उडी मारून उतरताना किंवा झटकन दिशा बदलताना गुडघा आतल्या बाजूला वळतो आणि तुटतो. परत यायला नऊ महिने ते वर्ष. वयोगटातल्या मुलीसाठी याचा अर्थ सरळ आहे: तिची चौकट निघून गेली. यावर '११ प्लस' नावाचा वॉर्म-अप आहे. सुमारे २० मिनिटं, १५ व्यायाम, तीन भाग: आठ मिनिटं संथ धावणं आणि दिशाबदल, दहा मिनिटं पोटाची-मांड्यांची ताकद, तोल आणि उड्या, शेवटी दोन मिनिटं वेगात धावणं. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुली-खेळाडूंवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात हा वॉर्म-अप करणाऱ्या गटात गंभीर दुखापती जवळपास निम्म्याने कमी होत्या. हे चुकतं कुठे? उडीवरून उतरताना दोन्ही गुडघे एकमेकांकडे झुकत असतील तर तो व्यायाम केल्यासारखा दिसतो, होत नाही. कुणीतरी समोर उभं राहून गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत आहे का ते पाहायला हवं. दुसरी चूक म्हणजे सामन्याच्या दिवशीच करणं. आठवड्यातून किमान दोनदा, महिनोन्महिने केला तरच फरक पडतो.

उन्हाबद्दल थोडक्यात. ऑक्टोबरमध्ये भुवनेश्वर, गोवा किंवा नवी मुंबईत त्रास नुसत्या तापमानाचा नसतो, दमटपणाचा असतो. घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. म्हणून हवा, आर्द्रता आणि ऊन एकत्र मोजणारा आकडा ३२ अंशांवर गेला की पाणी पिण्यासाठी साधारण ३० व्या आणि ७५ व्या मिनिटाला खेळ थांबवतात. हुशार संघ त्या तीन मिनिटांत डावपेचही बदलून घेतो.

आणि एक गोष्ट, जी स्कोअरबोर्डवर कधीच येत नाही. घरापासून महिनोन्महिने दूर असलेल्या अल्पवयीन मुलींचा हा संघ असतो. २०२२ च्या तयारीदरम्यान परदेश दौऱ्यावरच्या एका सहायक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून परत बोलावून काढून टाकावं लागलं होतं. मुलीच्या खोलीत एकट्या पुरुष अधिकाऱ्याने जायचं नाही, उपचाराच्या खोलीत दुसरी प्रौढ स्त्री हवीच, तक्रार कुणाकडे करायची त्या बाईचं नाव आणि नंबर पहिल्या दिवशी प्रत्येकीला माहीत हवा. हे नियम शिबिराच्या वेळापत्रकाइतकेच रोजचे असायला हवेत.

पुढचा स्कोअर दिसेल तेव्हा

२०२२ च्या त्या हरलेल्या संघातली लिंडा कॉम सर्टो आज वरिष्ठ संघाची फॉरवर्ड आहे. त्याच एकवीस जणींत पुण्याची काजोल डिसोझाही होती. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांखालच्या संघाने यांगूनमध्ये म्यानमारला १-० हरवून वीस वर्षांनी त्या वयोगटाची आशियाई स्पर्धा गाठली. १७ खालच्या संघाचं काम मोजायचं तर असं, तीन-चार वर्षांनी वरच्या संघांत किती जणी दिसतात यावरून.

तोवर एखादा निकाल समोर आला तर आधी एवढं पाहावं: समोरचा संघ पात्रतेतून आला की यजमान म्हणून, आपला गोलफरक आधी मोजला जाणार की आपापसातला सामना, गोल कोणत्या मिनिटांना बसले, आणि संघातल्या किती मुलींना पुढच्या वर्षीही याच वयोगटात खेळता येईल. २०२६ च्या संघात २००९ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुली आहेत. त्यांतल्या २०१० च्या मुलींना २०२७ मध्ये, आणि २०११ च्या मुलींना २०२८ मध्येही याच वयोगटात पुन्हा खेळता येईल.